ज्वारीची आंबट बिअर

आज आम्ही बिअरबद्दल बोलणार आहोत. दचकू नका, कुणाला प्यायला सांगायचं नाहीये. दारूनं घरं कशी मोडतात हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण दक्षिण आफ्रिकेत एक आंबट बिअर आहे. ती ज्वारी आणि मक्यापासून होते, पिढ्यान्‌पिढ्या बायकाच ती करत आल्या, आणि तिची निम्मी कृती आपल्या आंबिलीसारखी आहे. तिचं नाव उमकोंबोथी.

बाटलीत मिळणारी बिअर बहुतेक जवाची असते आणि कडवट लागते. तो कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांमुळे येतो. उमकोंबोथीत ही फुलं नसतात. ती दाटसर, गढूळ आणि आंबट असते.

ती कशी करतात ते पाहू. आधी ज्वारी भिजवून मोड आणायचे, मग ती वाळवून भरडायची. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, जी पिठूळ भागाची साखर करतात. मोडाच्या नाचणीचं सत्त्व गोडसर लागतं ते यामुळेच.

ही भरड आणि मक्याचं पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर किंवा एक-दोन दिवस झाकून ठेवतात. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद इथे कामाला लागतात. ते साखर खातात आणि आम्ल तयार करतात. हा आंबटपणा नुसता चवीचा नाही, तो राखणदारही आहे. पोट बिघडवणारे बरेचसे जंतू आंबट पिठात वाढू शकत नाहीत.

मग हे पीठ शिजवतात. इथपर्यंत झाली जवळजवळ आपली आंबील. आपणही पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर आंबवतो, सकाळी शिजवतो, मीठ-जिरं घालून पितो. शिजवल्यावर आंबवणारे जीव मरतात आणि काम तिथेच थांबतं. म्हणून आंबिलीची नशा होत नाही.

तिकडच्या बायका मात्र पुढे जातात. शिजवलेली पेज गार झाली की तीत पुन्हा मोडाच्या ज्वारीची भरड घालतात आणि मागच्या खेपेची थोडी बिअर विरजणासारखी सोडतात. आता काम यीस्टचं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. ती साखरेपासून अल्कोहोल आणि वायू तयार करते. भांड्यात बुडबुडे येतात, फेस चढतो. बिअर तयार झाली का, हे पाहायला भांड्याजवळ पेटती काडी धरतात. ती पटकन विझली तर वायू भरपूर सुटतोय, म्हणजे बिअर झाली. मग गाळून घेतात. अल्कोहोल साधारण 3 टक्के असतं. आंबणं चालूच राहतं, त्यामुळे ती थोड्याच दिवसांत खराब होते. लग्नात, मयताला, पूर्वजांच्या विधीला ती ताजी करतात आणि एकाच भांड्यातून सगळ्यांमध्ये फिरवतात.

यातून आपल्या चुलीपाशी उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी सांगतो.

पहिली, भांडं. आंबट पदार्थ धातू ओढून घेतो. लोखंडी भांड्यांत केलेली ही बिअर वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांच्या यकृतात लोह साठून आजार झाल्याचं डॉक्टरांना आढळलं आहे. लोखंडी कढईत भाजी केल्यानं असं होत नाही, पण आंबवायचं पीठ मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच ठेवावं. बिनकल्हईच्या पितळेत आपण ताक ठेवत नाही, तेही याचसाठी.

दुसरी, बुरशी. दाण्याला बुरशी लागली असेल तर तिचं विष उकळूनही पुरतं जात नाही. असं धान्य आंबवायला घेऊ नये.

तिसरी, मोड. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याला ठाऊक आहे. तेच विष ज्वारीच्या कोंबात असतं. म्हणून मटकीसारखे ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत. वाळवून, कोंब चोळून काढून, नीट शिजवूनच वापरावेत.

आता या बिअरच्या पैशाची गोष्ट. 1908 साली तिथल्या नाताळ वसाहतीत गोऱ्या सरकारनं कायदा केला आणि शहरात ही बिअर करण्या-विकण्याचा मक्ता नगरपालिकांना मिळाला. डर्बन शहरानं स्वतःचे गुत्ते काढले. कामासाठी शहरात आलेल्या काळ्या बायकांना घरी बिअर करून विकणं हा पोट भरायचा एक मार्ग होता. तो गुन्हा ठरला. पोलीस घरात शिरून मडकी ओतून देऊ लागले. इकडे नवऱ्याची मजुरी सरकारी गुत्त्यात जाऊ लागली, आणि त्या नफ्यातून काळ्या लोकांवरच्या कारभाराचा खर्च भागू लागला.

जून 1959 मध्ये डर्बनच्या कॅटो मॅनर वस्तीतल्या बायका उठल्या. हातात काठ्या घेऊन त्या गुत्त्यांत शिरल्या, पिणाऱ्यांना बाहेर काढलं, बिअर सांडून दिली. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या.

आपल्याकडेही कित्येक गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. कॅटो मॅनरच्या बायका मडकं मागत होत्या, आपल्या बायका दुकान बंद करायला सांगत होत्या. मागण्या उलट्या दिसतात, पण दोन्हीकडचं दुखणं एकच: घरचा पैसा गुत्त्यावर जातो आणि त्यावर घरच्या बाईचं काही चालत नाही.

आपल्या राज्यात विनापरवाना दारू करणं गुन्हा आहे, तेव्हा विरजणाची ती दुसरी खेप आपल्या कामाची नाही. पहिली खेप मात्र पूर्ण आपली आहे. उन्हाळ्यात गटाच्या बैठकीला चहाऐवजी आंबील करून पाहा. गावातल्या वयस्कर बायांना विचारा, त्या पीठ किती वेळ आंबवत, कशात आंबवत, थंडीत काय करत. ते वहीत लिहून ठेवा. त्या आजीनंतर ते सांगायला कुणी नसेल.