२५० अधिक ४० बरोबर २५०४०? गोष्ट डेटाच्या टाइपची

आजच्या भागात बोलूया 'टाइप'बद्दल. कीबोर्डवरचं टाइपिंग नाही हं, डेटाचा प्रकार. ऐकताना कोडच्या ओळी निसटल्या असतील, तर त्या इथे निवांत वाचा. आकडे मराठीत लिहिलेत, पण खऱ्या कोडमध्ये ते इंग्रजीच असतात.

समजा, ट्रिपचा खर्च मोजायला तुम्ही एक छोटं वेब पेज बनवलंय. मित्राने रकान्यात २५० टाकले. तुमच्या जावास्क्रिप्टने त्यात चहाचे ४० मिळवले. आणि स्क्रीनवर काय आलं? २५०४०! एरर नाही, वॉर्निंग नाही. हिशोब चुकलाय आणि प्रोग्राम मात्र मजेत चालू आहे.

असं का होतं? कारण रकान्यातून आलेलं २५० ही संख्या नसतेच, ती असते स्ट्रिंग. म्हणजे दोन, पाच, शून्य ही तीन चिन्हं एका ओळीत. रकाना 'नंबर' प्रकारचा ठेवला, तरी त्याची व्हॅल्यू हातात येते ती स्ट्रिंग म्हणूनच.

आता अधिक या चिन्हाकडे बघा. जावास्क्रिप्टमध्ये त्याला दोन कामं आहेत: संख्यांची बेरीज करणं आणि स्ट्रिंग जोडणं. एका बाजूला जरी स्ट्रिंग असली, तरी ते दुसरी बाजूही स्ट्रिंग करून टाकतं आणि दोन्ही चिकटवतं. वजाबाकी, गुणाकाराला मात्र चिकटवणं जमत नाही. म्हणून तीच स्ट्रिंग उणे ४० केली तर बरोबर २१० येतात, आणि गुणिले २ केली तर ५००. त्यामुळेच हा घोळ पटकन लक्षात येत नाही.

पायथॉनचा स्वभाव वेगळा. स्ट्रिंग अधिक संख्या म्हटलं की तो सरळ टाइपएरर देऊन थांबतो. पण फार निर्धास्त राहू नका. '२५०' ही स्ट्रिंग पायथॉनमध्ये गुणिले २ केली तर मिळतं २५०२५०, कारण तिथे त्याचा अर्थ 'दोनदा लिही' असा होतो! पीएचपीने तिसरी वाट धरली: बेरजेला अधिक, आणि स्ट्रिंग जोडायला टिंब. चिन्हंच वेगळी, म्हणून हा गोंधळच नाही.

इथे दोन प्रश्नांची बरेचदा सरमिसळ होते. पहिला, टाइप कधी तपासला जातो? या तिन्ही भाषांत तो मुख्यतः प्रोग्राम चालताना तपासला जातो, म्हणून त्या डायनॅमिक. दुसरा, टाइप जुळले नाहीत तर भाषा काय करते? जावास्क्रिप्ट स्वतःच बदल करून पुढे जाते, पायथॉन बहुतेक वेळा अडवतो. दोन्ही डायनॅमिक, तरी एक सैल आणि एक कडक.

मग करायचं काय? बाहेरून आलेला डेटा दारातच तपासायचा आणि बदलून घ्यायचा. जावास्क्रिप्टमध्ये 'नंबर' फंक्शन, पायथॉनमध्ये 'इंट'. आणि एक खास आपल्या कामाची गोष्ट: कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरीत २५० लिहिलं, तर पायथॉनचं 'इंट' ते बिनधास्त ओळखतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' मात्र 'नॅन' देतं, म्हणजे 'ही संख्या नाही'. एकदा का हा नॅन हिशोबात शिरला, की पुढची सगळी बेरीज नॅन. मराठी लोकांसाठी ॲप बनवताय? मग हे तपासाच.

जाता जाता एक साधा नियम. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची, ती संख्या. मोबाइल नंबर आपण कधी कुणाच्या नंबरमध्ये मिळवतो का? नाही ना? मग तो स्ट्रिंगच ठेवा. नाहीतर एसटीडी कोडचं सुरुवातीचं शून्य गायब होईल.

आज तुमच्या कोडमधला एक तरी रकाना उघडून बघा, त्यातून नक्की काय येतंय ते. भेटू पुढच्या भागात!