दोनशे मैलांची तुटलेली तार

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उर्वरित ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणास मंजुरी दिली. ते काम आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. अमेरिकेची मालवाहतूक डिझेलवर चालते, मग आपल्यालाच विजेचा सोस का, हा आक्षेप तरीही सहज सुचणारा आहे. मात्र अमेरिकेने डिझेल स्वीकारले ते कोणत्या हिशेबाने, हे मिलवॉकी रोडच्या उदाहरणावरून तपासावे.

शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्याला जाणाऱ्या या रेल्वेने १९१५ ते १९२० या काळात डोंगराळ भागातील दोन टप्प्यांत विजेच्या गाड्या सुरू केल्या. एक टप्पा मोंटानातील हार्लोटन ते आयडाहोतील एव्हरी. दुसरा ओथेलो ते टकोमा. उतारावरची गाडी तारेत वीज परत सोडत असे. या निर्णयामागे निव्वळ दूरदृष्टी होती असे नव्हे. कंपनीचे एक संचालक जॉन रायन हेच अ‍ॅनाकोंडा तांबे कंपनीचे आणि मोंटानातील वीज कंपनीचेही प्रमुख होते. तांबे त्यांचे, वीजही त्यांचीच!

एव्हरी ते ओथेलो हे मधले सुमारे २१२ मैल मात्र कोरडेच राहिले. १९२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जोडणीचा बेत मागे पडला. मुंबईला जाताना इगतपुरीत इंजिन बदलेपर्यंत ताटकळलेल्या वाचकांना अशा तुटलेल्या मार्गाची किंमत सांगायला नको. १९५० मध्ये शीतयुद्धामुळे सोव्हिएत संघाला पाठवता न आलेली १२ विद्युत इंजिने कंपनीने घेतली. स्टॅलिनच्या नावावरून त्यांना ‘लिट्ल जो’ म्हणत. दरी तशीच राहिली.

१९७२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ती बुजवण्याची सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरची योजना मांडली आणि अर्थसाहाय्याचीही तयारी दर्शवली. व्यवस्थापनाला तेव्हा मोठ्या कंपनीत विलीन होण्याचे वेध लागले होते, आणि मोडीत निघणाऱ्या तांब्याचे पैसे लगेच मिळणार होते. १९७३ च्या प्रारंभी तारा उतरवण्याचा निर्णय जाहीर झाला. देशाच्या इंधनधोरणाशी संबंधित असलेला हा प्रश्न एका खासगी संचालक मंडळाच्या ताळेबंदावर सुटला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलनिर्बंध लादले. निर्णय फिरला नाही. जून १९७४ मध्ये अखेरची विद्युत गाडी धावली. कंपनीच्या दुखण्याला इतरही कारणे होती, हे खरे. पण १९७७ मध्ये ती पुन्हा दिवाळखोरीत गेली आणि १९८० मध्ये मोंटानातील माइल्स सिटीच्या पश्चिमेकडचा मार्गच तिने सोडून दिला.