हॉकी संघाची पेटी

बऱ्हाणपूरला येणारा प्रवासी तापीकाठचा शाही किल्ला पाहतो, जामा मशिदीचे उंच मिनार पाहतो, आणि हाताशी वेळ उरला तर शहराबाहेर कुंडी भंडाऱ्याकडे वळतो. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणण्याची ही योजना मोगल अमदानीत, १६१५ च्या सुमारास सिद्धीस गेली. वरून पाहणाऱ्यास दिसतात त्या केवळ ओळीने मांडलेल्या विहिरींसारख्या कुंड्या. पाणी वाहते ते खाली, अंधारात. शहराची तहान भागली ती ह्या न दिसणाऱ्या वाटेने.

मनुष्याच्या पुष्कळशा उद्योगांची रचना अशीच असते, आणि खेळ त्याला अपवाद नाही. हॉकीच्या सामन्यात प्रेक्षकांना अकरा-अकरा खेळाडू दिसतात, दोन पंच दिसतात, धावता चेंडू दिसतो. पण त्या खेळाडूंच्या हाती धड काठी, पायांत योग्य बूट आणि गोलरक्षकाच्या अंगावर भक्कम कवच वेळेवर आणून देणारा माणूस कोणाच्याही नजरेत भरत नाही. त्याचे काम बिनचूक झाले की ते दिसतच नाही. चुकले की मात्र साऱ्या मैदानाला दिसते. अशा ह्या माणसाच्या कामाची ओळख करून देणे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

अमेरिका व कॅनडा ह्या देशांत बर्फावर हॉकी खेळतात. तेथे हे काम म्हणजे एक स्वतंत्र, पगारी व्यवसाय आहे. खेळाडूंच्या बुटांखालच्या पोलादी पात्यांना धार लावणे, काठ्या दुरुस्त करणे, ओले कपडे धुऊन वाळविणे आणि गावोगावच्या प्रवासात सामानाच्या जड पिशव्या चढविणे-उतरविणे, हा त्या साहित्य-व्यवस्थापकाचा दिनक्रम असतो. ३१ डिसेंबर २०१६ रोजी कॅरोलिना हरिकेन्स ह्या संघाचा एक गोलरक्षक आजारी पडला, तेव्हा संघाचे साहित्य सांभाळणारे आल्वेस ह्यांनाच गोलरक्षकाचा पोशाख चढवावा लागला. सामना संपता संपता त्यांना मैदानात उतरविण्यात आले. ते खेळले फक्त ७.६ सेकंद! पण त्या अल्पशा काळात जगाला त्यांचे नाव समजले. इतकी वर्षे केलेल्या कामाने मात्र ते समजले नव्हते.

आपल्याकडील शाळांच्या आणि लहान मंडळांच्या संघांत असा स्वतंत्र अधिकारी नसतो. तेथे हे काम क्रीडाशिक्षकाकडे, शाळेच्या शिपायाकडे, नाहीतर एखाद्या जुन्या खेळाडूकडे येते. बऱ्हाणपूरसारख्या गावातून मुलांचा संघ खंडव्याला किंवा भोपाळला खेळावयास निघतो, तेव्हा खेळाडूंचा सामना दुसऱ्या दिवशी असतो. ह्या माणसाचा सामना आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. शाळेच्या कोठीतली पत्र्याची पेटी उघडली जाते आणि एकेक वस्तू बाहेर येऊ लागते.

प्रथम काठ्या. हॉकीची काठी पूर्वी तुतीच्या लाकडाची असे. लाकडाला वाफ देऊन त्याचे टोक वाकवीत, मुठीसाठी वेत बसवीत, वेतात रबराच्या पट्ट्या घालीत आणि वरून सूत घट्ट गुंडाळीत. ह्या कारागिरीचे मोठे केंद्र होते सियालकोट. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील कितीतरी कारागीर जालंदर आणि मेरठ येथे येऊन वसले आणि त्यांच्याबरोबर हा धंदाही इकडे आला. लाकडी काठीचा एक गुण असा की, ती बहुधा सूचना देऊन मोडते. आधी सूत सैल होते, मग जोड किंचित हलू लागतो. जाणत्या माणसाच्या बोटांना ते कळते. बऱ्हाणपूर हे मागवाल्यांचे गाव. तुटता धागा बोटांनी ओळखण्याची विद्या येथे घरोघर आहे. अशा गावात सरस लावून, सूत गुंडाळून काठीचे आयुष्य आणखी एका हंगामाने वाढविणारे हात शोधावे लागत नाहीत.

आता मोठ्या सामन्यांतून कार्बन व काचतंतू ह्यांच्या काठ्या दिसतात. त्या हलक्या आहेत आणि त्यांचा फटका जोरदार आहे. परंतु आत चीर गेली तर ती सहज दिसत नाही, आणि एकदा तडकलेली काठी पूर्ववत होत नाही. म्हणून साहित्य सांभाळणारा प्रत्येक काठी प्रकाशात फिरवून पाहतो, फरशीवर हलकेच आपटून तिचा आवाज ऐकतो आणि संशय आला की ती बाजूला ठेवतो. काठी महाग असते. ती बाजूला ठेवताना त्याचा जीव हळहळतो. पण तडकलेल्या काठीची ढलपी जवळच्या मुलाच्या डोळ्याकडे उडू शकते, हे तो विसरत नाही.

येथे नियमांचे ज्ञानही लागते. काठी ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे, तिचे वजन ७३७ ग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि तिच्यावर कोठेही धारदार कड वा कूस असता कामा नये, असा नियम आहे. दुरुस्तीसाठी गुंडाळलेल्या पट्टीसकट काठी कड्यातून जावी लागते. प्रेमाने दोन वेढे जास्त दिले, तर तीच काठी दुसऱ्या दिवशी पंच नाकारतात. म्हणून अनुभवी माणूस त्या मापाचे कडे आपल्या पेटीत ठेवतो आणि पंचांच्या आधी स्वतःच परीक्षा घेतो.

काठ्यांनंतर येतो गोलरक्षकाचा पोशाख, आणि येथे कामाला खरे गांभीर्य चढते. इतर खेळाडूंच्या साहित्यात उणीव राहिली तर कदाचित सामना हातचा जाईल. गोलरक्षकाच्या साहित्यात राहिली तर मूल जायबंदी होईल. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम, आणि तो दगडासारखा कठीण. आजच्या पेनल्टी कॉर्नरवर तो ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो. नियमाप्रमाणे गोलरक्षकाला शिरस्त्राण, पायांचे पॅड आणि बुटांवरचे किकर अवश्य घालावे लागतात. ह्यांतील प्रत्येकाला पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याला बक्कल असते. निम्म्या सामन्यात एक पट्टा तुटला तर पॅड फिरतो आणि नडगी उघडी पडते. तेव्हा आदल्या संध्याकाळी प्रत्येक पट्टा जोराने ओढून पाहणे, जादा पट्टे, दोरी आणि दाभण पेटीत टाकणे, हे त्या मुलाच्या हाडांशी संबंधित काम आहे.

बऱ्हाणपूरहून फार दूर नसलेल्या महू येथे जन्मलेले शंकर लक्ष्मण हे भारताचे थोर गोलरक्षक. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते खेळले. १९५६ साली मेलबर्नला भारताने ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. १९६४ साली टोकियोत पाकिस्तानवर एका गोलाने विजय मिळाला, त्यातही त्यांचा वाटा मोठा होता. त्या काळी गोलरक्षकाच्या तोंडावर आजच्यासारखी जाळी नव्हती, अंगावर आजच्यासारखे जाड फोम नव्हते. ते धैर्य वंदनीय खरे. पण त्याचा अर्थ आजच्या शाळकरी मुलाने फाटक्या पॅडवर उभे राहावे, असा मुळीच नाही. धैर्य ही खेळाडूने आणावयाची वस्तू आहे, कवच ही संघाने द्यावयाची.

पेटीतील तिसरी बाब म्हणजे बूट. आणि बुटांचा विचार करताना मैदानाचा विचार करावा लागतो. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलून १५ ऑगस्टला खेळविण्यात आला. जमीन ओलसर होती. पूर्वार्धात भारताचा एकच गोल झाला. उत्तरार्धात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले, रबरी तळव्यांनिशी ते खेळले आणि भारताने जर्मनीला ८-१ असे हरविले. १९४८ साली लंडनला वेम्ब्लीच्या चिखलात, महूचेच किशनलाल आणि त्यांचे सहकारी के. डी. सिंग ‘बाबू’ ह्यांनी उत्तरार्धात बूट काढून ठेविले, असे सांगतात. विजय खेळाडूंच्या कौशल्याचा, ह्यात शंका नाही. पण पाय जमिनीवर ठरला नाही तर कौशल्यही घसरते, हा ह्या गोष्टींचा बोध आहे.

पुढे तर जमीनच बदलली. १९७६ साली मॉन्ट्रिअल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातव्या क्रमांकावर गेला. बदललेल्या मैदानाने सर्व साहित्याचाच हिशेब बदलून टाकला. मध्य प्रदेशात भोपाळ व ग्वाल्हेर येथे कृत्रिम हिरवळीची मैदाने आहेत. इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद भोपाळच्या प्रबोधिनीत तयार होऊन टोकियोच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचला. परंतु मातीवर वाढलेला मुलांचा संघ जेव्हा अशा मैदानावर प्रथम उतरतो, तेव्हा मातीचे बूट तेथे चालत नाहीत. बारीक बारीक दाणे असलेल्या तळव्याचे बूट हवेत. हे ज्याने आधी विचारून घेतले नाही, त्याचा संघ शिट्टी होण्यापूर्वीच निम्मा हरलेला असतो.

ह्याखेरीज दोन रंगांचे गणवेश बरोबर असावे लागतात, कारण प्रतिस्पर्ध्याचा रंग सारखाच निघाला तर बदलावे लागते. गोलरक्षकाचा सदरा दोन्ही संघांहून वेगळ्या रंगाचा असावा लागतो. क्रमांक उसवलेला नसावा. चेंडू, चिकटपट्टी, मुठीच्या पट्ट्या, कात्री, बुटांच्या जादा नाड्या, पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी: ही यादी लांब आहे, आणि ती डोक्यात न ठेवता कागदावर ठेवणे शहाणपणाचे.

सामना सुरू झाला की हा माणूस बाकाजवळ उभा राहतो, पण त्याची नजर प्रेक्षकांसारखी केवळ चेंडूमागे नसते. कोणाची मूठ सैल झाली, कोणाचा बूट सुटला, हे तो पाहत असतो. जादा काठ्या त्याने क्रमाने मांडलेल्या असतात. कारण बचाव करणाऱ्याची जड काठी आघाडीच्या चपळ मुलाला देऊन भागत नाही. काठी मैदानात फेकता येत नाही. खेळाडूला कडेला यावे लागते, आणि बाहेर गेल्यास ठरलेल्या जागेतूनच परत जावे लागते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांच्या आधुनिक सामन्यात वाया गेलेले अर्धे मिनिटही जड जाते. योग्य काठी तयार असली तर ते पाच सेकंदांत भागते, आणि प्रेक्षकांना काही घडल्याची जाणीवही होत नाही.

सामना संपतो. जिंकलेले नाचतात, हरलेले मान खाली घालतात. हा मात्र मोजणी करीत असतो. किती काठ्या आल्या, किती चेंडू परत मिळाले, कोणता पॅड भिजला. घामाने ओले झालेले साहित्य पेटीत कोंबले तर त्याला कुबट वास येतो आणि शिवण कुजते. निमाडच्या कडक उन्हात टाकले तर चामडे तडकते आणि फोम ठिसूळ होतो. ते सावलीत, वाऱ्यावर सुकवावे लागते. हे काम रात्री उशिरापर्यंत चालते, आणि त्याला टाळ्या नसतात.

ह्या कष्टांचे खरे मोल कोठे कळते? पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले लहानाचे मोठे झाले. त्यांचे वडील तेथील मैदानाची निगा राखीत. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धनराज आणि त्यांचे भाऊ खेळत. तोच मुलगा पुढे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळला, आणि १९९८ साली बँकॉकला भारताने एशियाडचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा संघाचा नायक होता. इतरांनी निरुपयोगी म्हणून टाकलेली काठी त्या घराला उपयोगाची वाटली, ही ह्या कथेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मागावर काम करणाऱ्या बापाच्या मुलाला कार्बनची काठी विकत घेता येत नाही. त्याची हॉकी शाळेच्या पेटीवर अवलंबून असते. पेटीत बारा काठ्या धड असतील तर बारा मुले खेळतील. सात असतील तर पाच मुले कडेला बसतील, आणि बहुधा ती पाच मुले ज्यांच्या घरी काठी नाही त्यांचीच असतील. म्हणून साहित्य सांभाळणारा माणूस केवळ लाकूड आणि चामडे सांभाळीत नाही. कोणाला खेळता येईल आणि कोणाला येणार नाही, हे त्याच्या दोऱ्याने आणि सरसाने ठरत असते.

तेव्हा शाळांनी आणि मंडळांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात. साहित्याची एक वही ठेवावी, आणि तीत प्रत्येक काठी केव्हा घेतली, केव्हा दुरुस्त केली व कोणाला दिली ह्याची नोंद व्हावी. दुसरे असे की, पेटी आवरण्याची पाळी प्रत्येक खेळाडूवर, कर्णधारावरसुद्धा, यावी. ज्याने एकदा रात्री ओले पॅड पुसून वाऱ्यावर टांगले आहेत, तो रागाच्या भरात काठी जमिनीवर आपटणार नाही. आणि पुढच्या विजयाच्या छायाचित्रासाठी संघ ओळीने उभा राहील, तेव्हा पेटीपाशी वाकून मोजणी करणाऱ्या त्या माणसालाही हाक मारून ओळीत घ्यावे.