मूर्तिजापूरची गांठ : एका कापूसवाहू लोहमार्गाचा इतिहास

जालना हें कापसाच्या व्यापाराचें जुनें ठाणें. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतील गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडहून तेथपर्यंत येईतों जालन्याच्या मालास अजिंठ्याचे डोंगर उतरून ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा मार्ग गांठावा लागे. वाट बैलगाडीची, आणि राज्याची हद्द ओलांडतांना करोडगिरीचा जाच निराळाच. जालना-खामगांव लोहमार्गाची मागणी त्या अमदानीपासूनची आहे. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजुरी दिली ती मात्र जालना-जळगांव या १७४ किलोमीटरांच्या मार्गास. जालन्यांत या गोष्टी पुन्हां चर्चेस आल्या असतां शेजारच्या वऱ्हाडांत केवळ कापसासाठीं घातलेल्या फांट्यांचें पुढें काय झालें, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्यांपैकीं एक टिकला व दुसरा ओस पडला. मोटारलॉरी आली आणि गाडी गेली, इतकेंच कारण सांगितलें जातें. तें आम्हांस अपुरें वाटतें.

टिकला तो जलंब-खामगांव. १८७० सालीं लॉर्ड मेयो यानें स्वतः खामगांवीं येऊन तो खुला केला. लांबी अवघी तेरा किलोमीटर. परंतु रूळ मुख्य मार्गाच्याच रुंदीचे, म्हणजे ब्रॉडगेज. खामगांवच्या बाजारांत भरलेली वाघीण जलंबला मुख्य गाडीस जोडली कीं थेट मुंबईच्या बंदराकडे निघे. वाटेंत मालास कोणी हात लावावयाचा नाहीं.

ओस पडला तो मूर्तिजापूरचा. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीनें १९१० मध्यें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक शाखा दर्यापूर, अंजनगांववरून अचलपुरास, ७६ किलोमीटर. दुसरी कारंजा, दारव्हावरून यवतमाळास, ११३ किलोमीटर. पुलगांव-आर्वी हा ३५ किलोमीटरांचा तुकडाही याच कुटुंबांतला. लोकांनीं या गाडीस 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलें. मँचेस्टरला १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन येथें १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलें. त्यानंतर डिझेल आलें.

सर्व प्रदेश कसदार काळ्या जमिनीचा, गांवोगांवीं जिन-प्रेस. मालाची ददात नव्हती. उणीव होती ती रुळांत. हा मार्ग नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर रुंदीचा. मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. खर्च वांचावा म्हणून अरुंद रूळ घातले, आणि तो वांचलेला पैसा पुढें पिढ्यान् पिढ्या मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर हमालीच्या रूपानें फेडावा लागला. यवतमाळची वाघीण मूर्तिजापूरच्या पुढें जाऊंच शकत नसे. सुमारें चारशें पौंडांची प्रत्येक गांठ एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावयाची. मोठी वाघीण मिळेतों माल धक्क्यावर पडून राहावयाचा. वर पाऊस व आग यांची धास्ती. (वऱ्हाडी शेतकऱ्यास एक 'गांठ' ठाऊक होती ती कापसाची, दुसरी, दोन मापांची, त्याला हिशेबांत दिसे.)

येथें कोणी म्हणेल कीं मनमाडलाही हीच अडचण होती; गोदावरी खोऱ्याची रेल्वे मीटरगेज, तरी ती नव्वद वर्षें नीट चालली. आक्षेप रास्त आहे. पण हमालीचा आंकडा गांठींच्या संख्येवर ठरतो, अंतरावर नाहीं. मनमाड ते सिकंदराबाद ३९१ मैल. एवढ्या लांबच्या भाड्यांत एक उतार-चढाव पचून जाई. ७६ किंवा ११३ किलोमीटरांच्या भाड्यांत तो पचत नाहीं. लॉरी जिनच्या दारांतून माल उचलूं लागतांच हिशेब उघडा पडला. मनमाडचा मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुंद करण्यांत आला; मूर्तिजापूरचा तसाच राहिला. याचें एक कारण मालकी. स्वातंत्र्यानंतर बहुतेक कंपन्यांचे मार्ग सरकारजमा झाले, हा झाला नाहीं. गाड्या चालवावयाच्या सरकारी रेल्वेनें, मार्ग मात्र कंपनीचा. दुसऱ्याच्या रुळांवर पैसा घालण्यास कोण तयार होणार? मालवाहतूक आधीं गेली, रूळ झिजले, वेग घटला, आणि शेवटीं उतारूंच्या गाड्याही थांबल्या.

भारत अजून इंग्लंडला या मार्गाचा मोबदला देतो, असें वृत्तपत्रांत वरचेवर छापून येतें. तें जसेंच्या तसें घेऊं नये. पेढी मूळची इंग्रजांची खरी, परंतु मुंबईची. पुढें ती भारतीयांच्या हातीं आली.

आमचें वरील अनुमान पुरें करावयाचें तर साधन एकच, व्यापाऱ्यांचे कागद. सरकारी अहवाल मणांची बेरीज देतात. मूर्तिजापूरला गांठीमागें काय पडलें हें अडत्याच्या रोजमेळांत, मोडींत लिहिलेलें असण्याचा संभव आहे. जिन-प्रेस बंद पडल्या तशीं हीं दप्तरें रद्दीच्या भावानें जात आहेत, आणि मोडीच्या हौशी संग्राहकांची नजर सनदा-वतनपत्रांपलीकडे क्वचितच वळते. कारंजा, दारव्हा, अंजनगांव, तसेंच जालना येथें असें बाड हातीं लागल्यास प्रथम बिल्ट्या वेगळ्या काढाव्या. निघाल्याचें व पोंचल्याचें स्थानक, तारीख, वजन व भाडें पाहावें. मग त्याच तारखेच्या पुढील पांच-सात दिवसांच्या रोजमेळांत 'हमाली' या सदराखालीं काय आहे तें ताडावें. तारखांमधील अंतरांत वाटेंत लागलेला वेळही धरलेला असतो; तो वजा घालून माल धक्क्यावर किती दिवस पडून राहिला याचा अंदाज बांधावा. बिल्ट्या कोणत्या सालापासून विरळ होऊन लॉरीभाड्याच्या पावत्या सुरू होतात, तें पानही राखून ठेवावें.