मंडप चार दिवसांचा, दरसूची कायमची

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन यांनी काच आणि लोखंडाचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला, तो एका प्रदर्शनापुरता. पुढे तो उतरवून सिडनहॅम येथे नव्याने उभा करण्यात आला. त्याच्या भव्यतेचे कौतुक सारेच करतात. परंतु ब्रिटनने १८४५ मध्येच काचेवरील अबकारी कर रद्द केला होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. आधी कायदा बदलला, मग काच स्वस्त झाली आणि त्यानंतर महाल उभा राहिला.

आपल्याकडे बांबूच्या बाबतीत हा क्रम अर्ध्यावर थांबला आहे. वनस्पतिशास्त्रानुसार गवत असलेल्या बांबूला १९२७च्या भारतीय वन कायद्याने ‘वृक्ष’ ठरवले होते. वनक्षेत्राबाहेरील बांबूची या व्याख्येतून सुटका झाली ती २०१७ मध्ये. राष्ट्रीय बांधकाम संहितेत बांबूवर स्वतंत्र विभाग आहे. तरीही बांधकामाचे साहित्य म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास बसलेला नाही.

या अविश्वासात माझाही वाटा आहे. सेवेत असताना एका प्रदर्शनातील दालनाची जबाबदारी माझ्यावर होती. बांबूची ताकद लोकांना दिसावी, असा माझा आग्रह होता. अभियंत्यांनी नम्रपणे दरसूची पुढे केली. ‘‘साहेब, यात बांबू आहे तो परांचीपुरता. खांब म्हणून वापरला, तर लेखापरीक्षणाला उत्तर कोण देणार?’’ अखेर लोखंडी सांगाड्यावर बांबूच्या पट्ट्या चढल्या. छायाचित्रे सुरेख आली. त्रिपुराहून आलेल्या एका वृद्ध कारागिराने मात्र खांबावर बोटाने टकटक केली आणि काही न बोलता तो आपल्या टोपल्यांकडे वळला. त्या नस्तीवर स्वाक्षरी माझीच होती.

कोलकात्याच्या दुर्गापूजेत याच्या नेमके उलट घडते. तेथील अनेक प्रचंड मंडपांचा भार बांबूच पेलतो. पण कापड आणि सजावटीखाली तो झाकला जातो. म्हणजे जेथे बांबू काम करतो तेथे तो दिसत नाही आणि आमच्या दालनात तो दिसत होता, पण काम करत नव्हता.

तात्पुरत्या रचनेचा खरा उपयोग या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्यात आहे. भार बांबूनेच पेलावा, सांधे उघडे ठेवावेत. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया कशी करतात, हे तेथेच दाखवावे. भारचाचणी लोकांसमोर व्हावी. मंडप उतरवल्यावर तो कोणत्या शाळेची वा बाजाराची शेड होणार, हे निविदेतच नमूद असावे. कारागिराचे नाव आराखड्यावर वास्तुरचनाकाराच्या शेजारी असावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाचणीचे निष्कर्ष दरसूचीपर्यंत पोहोचावेत. मंडप उतरल्यानंतर सरकारी यंत्रणेत उरतो तो कागदच. त्यात बांबूच्या खांबाचा दर आला, तर पुढच्या अधिकाऱ्याला त्या कारागिरापुढे मान खाली घालावी लागणार नाही.