पायाखालची फरशी

मुलांनो, 'फरशी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'फर्श' मराठीत आला आणि 'फरशी' झाला. दोन फरश्यांमधील फटीला आपल्याकडचे गवंडी 'दरज' म्हणतात. तीही उर्दूतील 'दर्ज़'च! शब्द असे ओळखीचे आहेत. पण फरशी निवडताना मात्र पुष्कळांची चूक होते. न्हाणीघर आणि संडास यांच्या बाबतीत तर ही चूक फार महागात पडते.

माझ्या मामूंचे घर नळदुर्गला आहे. त्यांच्या न्हाणीघरातील जुनी शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. एके दिवशी नानी तिच्यावरून घसरल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. चार महिने त्या अंथरुणावर होत्या. मग मामूंनी फरशी बदलायचे ठरवले. सोलापूरहून त्यांनी लॅमिनेटचा नमुना आणला. हुबेहूब सागवानी लाकूडच! गवंडीचाचा तो पाहून म्हणाले, "भाई, हा तुकडा रात्रभर बादलीत ठेवा. सकाळी बोलू."

सकाळी तुकड्याच्या कडा फुगल्या होत्या. असे का झाले?

लॅमिनेटची फरशी १९७७ साली स्वीडनमध्ये प्रथम तयार झाली. तिच्या पोटात लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा थर असतो. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि सर्वांत वर कठीण, पारदर्शक थर असतो. वरून पाणी शिरत नाही; पण सांध्यांतून आणि कडांतून ते आत जाते. तंतू पाणी पितात आणि फुगतात. पाणी वाळले तरी फरशी पूर्ववत होत नाही. काही नव्या प्रकारांची लॅमिनेटे काही तास पाणी सोसतात. परंतु न्हाणीघरात पाणी रोजचेच असते. म्हणून लॅमिनेट बैठकीच्या खोलीत शोभते, न्हाणीघरात नाही.

मग पुन्हा शहाबादी घालावी काय? ही फरशी शेजारच्या कर्नाटकातील शहाबाद येथून येते. आपल्या जिल्ह्यातील काळा पाषाण लाव्हारस थिजून बनला आहे. त्याच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. शहाबादचा दगड म्हणजे थरांवर थर साचून झालेला चुनखडक. म्हणून त्याच्या लाद्या सुटतात. तो पाण्याने फुगत नाही आणि स्वस्तही पडतो. मात्र त्याच्या फुटक्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून पाहा. बारीक बुडबुडे येतील. आम्लामुळे चुनखडक विरघळतो. संडास धुण्याचे ॲसिड त्याच्यावर वारंवार पडले, तर तो खराब होतो.

भाजलेल्या मातीची, काचेसारखा थर दिलेली टाइल पाणी आणि साधारण ॲसिड दोन्ही सोसते. पण चकचकीत टाइल ओली झाली की पाय सरकतो. म्हणून दुकानात टाइलचे रूप पाहून भुलू नका. तिच्यावर पाणी ओता आणि ओल्या बोटाने घासून पाहा. बोट सहज सरकले, तर ती टाइल भिंतीला लावा. जमिनीसाठी खडबडीत आणि लहान टाइल घ्या. लहान टाइलांना दरजा जास्त असतात, त्यामुळे पायाला पकड मिळते.

फरशी चांगली असूनही काम बिघडू शकते. पाणी मोरीकडे वाहून जावे म्हणून दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर ढाळ द्यावा लागतो. फरशीखाली पाणी अडवणारा थर हवा आणि दरजा नीट भरलेल्या हव्यात. नाहीतर पाणी साचते, शेवाळ धरते आणि भिंतीत ओल चढते.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो, तरी आत माणूस कोरडा उभा राहतो. कारण त्या कारागिरांनी पाण्याला वाट करून दिली. न्हाणीघर लहान असले तरी नियम तोच.

मामूंनी शेवटी खडबडीत टाइल बसवली आणि भिंतीला एक दांडा लावला. आता नानी तो दांडा धरून एकट्याच वुजू करायला जातात. आज घरी गेल्यावर तुम्हीही न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओता. ते कोठे जाते आणि कोठे थांबते, ते पाहा. मग घरातील वडीलधाऱ्यांची पावले तेथे कशी पडतात, तेही पाहा.