श्रीमंती नको, रोकड दाखवा

ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं, तर नव्या अर्जदाराला वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. जुलै २०१२मध्ये ही अट आली तेव्हा आकडा १८,६०० होता. एप्रिल २०२४मध्ये तो वाढला. भारतातून अर्ज करणाऱ्याचा इथला पगार यात धरत नाहीत, तिथल्या जोडीदाराचा धरतात. तो कमी पडला तर शिल्लक चालते. मात्र हिशेब असा, की तुटीची अडीचपट आणि वर १६,००० पौंड. पगार २४,००० असेल तर तूट ५,०००, तिची अडीचपट १२,५००, म्हणजे एकूण २८,५०० पौंड. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५००. ही रक्कम अर्जापूर्वी सलग सहा महिने दोघांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या मिळून नावावर हवी.

मराठी घरांना अट टोचते ती इथे. पुण्यात फ्लॅट, लॉकरमध्ये सोनं, पीपीएफ खातं, आणि तरी अर्जापुरते हात रिकामे! हा अन्याय वाटतो, पण अटीची ही बाजू मला पटते. सरकारला तुमची ऐपत मोजायची नाही. नोकरी सुटली तर पुढच्या महिन्याचं भाडं कशातून भराल, एवढंच पाहायचं आहे. फ्लॅटच्या भिंतीतून भाडं निघत नाही. म्हणूनच दंड भरून लगेच मोडता येणारी एफडी चालते, पाच वर्षं कुलूपबंद असलेली करबचतीची एफडी चालत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंड विकून पैसे खात्यात आणावे लागतात. पण ते सहा महिन्यांच्या आरंभापासून तुमच्याच मालकीचे होते हे कागदांनी सिद्ध झालं, तर विक्रीनंतर नव्याने थांबावं लागत नाही. विकलेल्या घरालाही हाच न्याय, कर्ज आणि कर वजा जाता. आईवडिलांनी दिलेली भेट चालते, उसनवारी नाही. सहा महिन्यांची अट नसती तर मावशीचे दहा लाख आठवडाभर खात्यात फिरवून आणणं किती सोपं होतं!

त्या १६,००० पौंडांचं समर्थन मात्र करता येत नाही. एवढी शिल्लक असणाऱ्याला उत्पन्न पाहून दिले जाणारे सरकारी भत्ते मिळत नाहीत, तिथून हा आकडा उचलला आहे. परिणाम असा, की तूट एका पौंडाची असली तरी १६,००२.५० पौंड दाखवायचे आणि १५,००० पौंड साठवलेल्याची शिल्लक शून्य धरायची. गाठीला थोडी जास्त रक्कम असावी म्हणून ही तरतूद, असं कुणी म्हणेल. पण ती काळजी अडीचपटीत आधीच घेतलेली आहे, कारण व्हिसा साधारण अडीच वर्षांचाच असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, मात्र मुलांच्या हिताकडे आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवलं. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना अडीचपट सुटते. १६,००० तेव्हाही सुटत नाहीत.

तेव्हा लग्नाची तारीख ठरली की बँकेतल्या खात्यांवर नावं कुणाची आहेत ते आधी पाहा. पैसा वडिलांच्या खात्यात असेल, तर तो आजच आपल्या नावावर घ्या, आणि अर्जाआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा आकडा तपासा.